घरी छापलेला मेतोदी

"घरच्या प्रिंटरची शाई पाण्यात विरघळते, मावशी," कोयचो म्हणाला. "दोन दिवस दव पडलं की फोटोतले काका ओघळून हनुवटीवर येतील. आमच्या स्टुडिओत छापलेलं पत्रक मात्र पावसात, बर्फात वर्षभर तसंच राहतं."

दोब्रिन्का काउंटरपाशी पर्स धरून उभी होती. पुढच्या शनिवारी तिच्या नवऱ्याला, मेतोदीला, जाऊन तीन वर्षं होणार होती. त्याआधी त्याचा फोटो असलेलं स्मृतिपत्रक इमारतीच्या दारावर आणि बसथांब्यावर लागायला हवं होतं. पत्रक लागलं की शेजारी येतात, बसतात, बोलतात. एरवी कुणी येत नाही.

कोयचोनं फोटो स्कॅन करून पडद्यावर मोठा केला. मेतोदीच्या भुवईतला व्रण दिसू लागला. मग मिशीतला एकेक केस.

"बघा! आत्ता बोलतील असं वाटतं की नाही?"

दोब्रिन्कानं पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"यांना कुठेतरी पाहिलंय मी," कोयचो पडद्याकडे वाकून म्हणाला. "दर रविवारी सासुरवाडीला जातो ना, लोमला. तिथे नदीच्या धक्क्यावर मासे विकणारा एकजण अगदी..."

"त्या वयाचे सगळे सारखेच दिसतात. फोटो दे इकडे. मी घरीच छापीन."

"अहो मावशी, रागावलात का? एक नमुना तरी बघा."

"घरी म्हटलं ना."

घरचा प्रिंटर वर्षभर बंद होता. पहिला कागद कोराच बाहेर आला. दुसऱ्यावर चेहऱ्याचे आडवे पट्टे उमटले. तिनं कोमट पाण्यात कापूस भिजवून शाईची छिद्रं पुसली. निळा आणि पिवळा सुटले, लाल काही सुटला नाही. त्यामुळे मेतोदी हिरवट आला. भुवई पुसट, मिशी म्हणजे नुसता एक डाग.

तिनं तो कागद खिडकीशी धरून पाहिला आणि तसेच आणखी काढले.

शनिवारी तिनं मृताच्या नावानं वाटायचे गहू उकडले, त्यात साखर आणि अक्रोड घातले. ती या इमारतीत राहायला आली तेव्हाच तिच्या दारावर शोकाची काळी फीत होती. मेतोदीला इथं कुणी पाहिलेलं नव्हतं. तरीही सगळे आले. खालच्या मजल्यावरच्या गांचोआजोबांनी तर येताना पाना आणला आणि तिचा गळका नळ दुरुस्त करून दिला.

"अगं, हा काय रंग?" वरच्या मजल्यावरची झ्लात्का म्हणाली. "कावीळ झाली होती का बिचाऱ्याला?"

"हृदय बंद पडलं."

"आणि तू त्याची काकडी करून टाकलीस! पुढच्या वर्षी कोयचोकडेच द्यायचं. मी येते तुझ्याबरोबर."

"झ्लात्का, तू गेलीस की तुझा फोटो रंगीत नको हं," गांचोआजोबा म्हणाले. "लिपस्टिकलाच सगळी शाई संपेल."

सगळे हसले. दोब्रिन्काही हसली. मग आजोबांनी पेला उचलला.

"देव त्याला क्षमा करो."

"देव क्षमा करो," सगळे म्हणाले. दोब्रिन्का थोडी मागून म्हणाली.

तासाभरानं खोली रिकामी झाली. खुर्च्या जिथं होत्या तिथंच तिनं राहू दिल्या. जिन्यावरून झ्लात्काचा आवाज ऐकू येत होता तोवर ती दाराच्या आत उभी राहिली. मग ताटल्या धुवायला घेतल्या.

बेल वाजली. झ्लात्का काहीतरी विसरली असेल म्हणून तिनं ओल्या हातानंच दार उघडलं.

टोपी घातलेला एक म्हातारा उभा होता. त्याच्या हातात बसथांब्यावरून फाडलेलं पत्रक होतं. चिकटपट्टी अजून लोंबत होती.

"तुमच्या गावचा तो फोटोवाला," धाप आवरत तो म्हणाला, "गेल्या रविवारी धक्क्यावर मला बघून छातीवर क्रूसाची खूणच करायला लागला. तुझा पत्ता त्यानंच सांगितला."

त्यानं तिच्या खांद्यावरून आतल्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"लोक येतात का?"

"येतात."

त्यानं पत्रकाकडे पाहिलं. "मी एवढा हिरवा नाही गं, दोब्रिन्का."

ती दारातून बाजूला झाली.

"आत ये," ती म्हणाली. "तुझ्या नावाचे गहू उरलेत."