थोडंसं दुखतं

डॉक्टरबाईंनी काय विचारलं ते कुंदाला कळलं नाही. तिला ऐकू येत नसे. समोरच्याचे ओठ दिसले तरच बोलणं समजायचं, आणि बाईंच्या तोंडावर मास्क होता. नवऱ्याचे ओठ मात्र तिने वाचले, "थोडंसं दुखतं हिचं पोट. गॅस असेल."

कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटातल्या कळांनी ती रात्ररात्र तळमळत होती आणि हा म्हणे थोडंसं! चारचौघांत बोलू नकोस, लोक हसतात, असं त्याने तिला बजावलेलं होतं. तिने टेबलावर हात आपटला आणि आपल्या घोगऱ्या, फाटक्या आवाजात ओरडली, "पोट माझं आहे! मला विचारा!"

बाईंनी मास्क खाली ओढला. "सांगा ताई, कुठं दुखतं?"

कुंदाने सगळं सांगितलं. तपासून झाल्यावर बाई म्हणाल्या, "गाठ आहे. लगेच ऑपरेशन करू. आणखी उशीर जिवावर बेतला असता."

नवरा गडबडला. "एवढं दुखत होतं, तर मला का नाही सांगितलंस?"

दिवाळीपासून कुंदा त्याला रोज हातवारे करून हेच सांगत होती, आणि तो दर वेळी मान डोलावून पुन्हा टीव्हीकडे वळत होता.