चौसष्ट हजारांचं कॉलेज

“चौसष्ट हजार डॉलर,” लोवेल हॉस्टेटलर गाडी चालवता चालवता तिसऱ्यांदा म्हणाले. “आणि हा पहिल्या वर्षाचा पगार. सरासरी!”

“बाबा, आपण कॉलेज बघायला चाललोय की घोडा घ्यायला?” शेजारी बसलेल्या केंडलने विचारलं.

“घोडासुद्धा दात बघून घेतात, बाळा.”

उत्तर इंडियानात लोवेलचा कारखाना होता. गाडीच्या मागे जोडून न्यायची फिरती घरं तिथे बनायची. लाकूड असो, रंग असो, माणूस असो, लोवेल आधी आकडा विचारायचे. मुलासाठी कॉलेज शोधतानाही त्यांनी तेच केलं. जिथल्या मुलांचा पहिला पगार आपल्या रंगखात्याच्या मुकादमापेक्षा कमी, त्या कॉलेजावर काट मारली. “पन्नास वर्षांचा वॉल्टर कॉलेजची पायरीही चढला नाही,” ते म्हणायचे, “त्याच्याहून कमी मिळवायला मी फी कशाला भरू?”

उरली सहा कॉलेजं. त्यातल्या पाचांनी केंडलला नाही म्हटलं. पोराचं गणित कच्चं होतं, ते लपण्यासारखं नव्हतंच. पाचवा नकार आला तेव्हा तो दोन दिवस जेवायला खाली उतरला नाही. त्याच्या आईने, आर्लीनने, ताट जिन्यात ठेवलं आणि ते तसंच उचललं. त्या दोन दिवसांत लोवेल एकही आकडा बोलले नाहीत.

आणि मग सहाव्याने, वेक्सली कॉलेजने, स्वतःहून फोन केला. व्यवसाय विभागाचे प्रमुख डॉक्टर थेअर यांना भेटायचं होतं. बापलेक दोघांनाही.

थेअर शांत गृहस्थ होते. त्यांनी स्वतः उठून कॉफी ओतली आणि थेट केंडलकडे वळले.

“तुझा अर्जातला निबंध मी दोनदा वाचला.”

केंडल खुर्चीत सरळ झाला. निबंध होता कारखान्यात तक्रारींचे फोन घेण्याच्या कामावर. एक म्हातारी विधवा दर आठवड्याला दाराची कडी बिघडल्याचं सांगायची. शेवटी केंडल तिच्याकडे गेला, तर कडी ठणठणीत होती. तो तिच्याबरोबर तिने केलेला केक खात बसला आणि संध्याकाळी परत आला.

“हे शिकवून येत नाही,” थेअर म्हणाले. “आणि तू लिहिलंयस, तुमच्याकडे दोनशे माणसं आहेत?”

“दोनशे तीस,” लोवेल म्हणाले.

“कंपनी सगळी घरचीच? भागीदार वगैरे?”

“कोणी नाही. आजोबांपासून आमचीच.”

“छान,” थेअर म्हणाले आणि पुन्हा केंडलकडे वळले. “पुढे काय करायचं मनात आहे?”

केंडल जरा चाचरला. “सर, दोनतीन वर्षं बाहेर कुठेतरी नोकरी करीन म्हणतो. जिथे हॉस्टेटलर म्हणजे कोण हे कुणाला माहीत नसेल.”

“घ्या!” लोवेल म्हणाले. “स्वतःच्या विहिरीला पाणी असताना हे शेजाऱ्याकडे बादली घेऊन जाणार.”

थेअर हसले नाहीत. “मी तुला एक सांगू? पहिलं वर्ष तरी घरच्या धंद्यात काढ. मग जग मोकळंच आहे. तू तसं करशील असं मी धरून चालू ना?”

केंडलने बापाकडे पाहिलं. हेच घरी तीन वर्षं ऐकून त्याने दारं आपटली होती. पण आज सांगणारा माणूस त्याचा निबंध दोनदा वाचून बसला होता.

“चालेल, सर,” तो म्हणाला.

लोवेलनी मग आपलं टिपण काढलं. विचारल्याशिवाय त्यांना राहवेना. “दोन वर्षांपूर्वी पगाराच्या यादीत तुमच्या कॉलेजचा नंबर एक्क्याऐंशी होता आणि सरासरी अठ्ठावन्न हजार. आता नंबर अडतीस, सरासरी चौसष्ट. मुलं मात्र वर्गात साठच. केलंत तरी काय?”

“मुलं निवडायला शिकलो,” थेअर म्हणाले. “कॉलेजं नुसते मार्क बघतात. आम्ही अख्खा माणूस बघतो.”

केंडलचे कान लाल झाले. थेअरनी हाक मारून एका विद्यार्थिनीला बोलावलं आणि केंडलला वसतिगृह दाखवायला पाठवलं. जाताना त्याने दारातून वळून बापाकडे पाहिलं आणि अंगठा वर केला. सहावीनंतर प्रथमच.

दार लागलं. लोवेलनी घसा खाकरला.

“साहेब, खरं सांगतो. मला वाटायचं, या पोरात काहीतरी कमी आहे. बापाला असं वाटणं वाईट, पण वाटायचं. आज पहिल्यांदा त्याला कुणी मागून घेतलं. त्याच्या आईला आता फोन केला तर मला बोलता यायचं नाही.”

त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. थेअरनी कागदी रुमालांचा खोका हळूच पुढे सरकवला. मग एक कागद. निम्मी फी माफ.

“एवढं?” लोवेल म्हणाले. “हे तर हुशार मुलांना देतात.”

“योग्य मुलांना देतो आम्ही. तेवढी एकच जागा भरायची राहिलीय.” थेअरनी पेनाचं टोपण काढलं. “चार वर्षांनी केंडल तुमच्याकडे लागेल, तेव्हा त्याला पहिल्या वर्षाचा पगार किती लावाल? आमच्या सरासरीत तोच धरतात. गेल्या वर्षी पास झालेल्या अशाच एका मुलाच्या वडिलांनी साडेचार लाख डॉलर लावला होता.”