छावणीतले आठ दिवस

"आबा, मे महिन्यात मी छावणीत राह्यले, तवा खाया-प्यायला काय काय दिलतं मला?"

साखरा पुण्याहून सकाळीच आली होती. पायातले बूटही तिनं काढले नव्हते. आसारामनं चारा तोडता तोडता मान वर केली.

"कावून इचारती?"

"माझ्या लघवीत औषध निघालंय. बंदी असलेलं. ताकदीचं."

दुष्काळामुळं आष्टीजवळच्या माळावर सहकारी साखर कारखान्यानं जनावरांची छावणी उघडली होती. दोन म्हशी घेऊन आसाराम आणि बायनाबाई पाच महिने तिथंच, जाळीच्या सावलीत राहत होते. त्यांची लेक साखरा दहा हजार मीटर धावायची. जूनमध्ये ती देशात पहिली आली, आशियाई स्पर्धेसाठी निवडली गेली. त्या शर्यतीनंतर तिची तपासणी झाली होती.

"भाकरी, बेसन, दूध," बायनाबाई म्हणाली. "दुसरं काय हाय हितं?"

आसाराम म्हशीकडं बघत राहिला.

"दुधात म्या औषध घातलतं," तो हळूच म्हणाला. "म्हशीचं. मुंजाजी डॉक्टरनं दिल्यालं. म्हस आठ दिसांत उठून हुबी राह्यली. तू लई वाळलती, माय. म्हणलं, तुलाबी जरा ताकद यील."

साखरा खाली बसली आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली.

"किती दिवस दिलं?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"आठी दिस. सकाळच्याला, झाकणभर."

तिनं ते वहीत लिहून घेतलं.

मुंजाजी छावणीतल्या जनावरांवर उपचार करायचा. तोवर त्याची बदली गेवराईकडं, उमापूरच्या छावणीवर झाली होती. आसाराम त्याला गाठायला निघाला, तर साखरानं अडवलं.

"त्यांनी म्हशीला दिलतं, आबा. मला न्हाई. गरिबाची नोकरी जाईल. त्यांना मधी आणू नका."

पोरीचं मन मोठं, असं आसारामला वाटलं आणि तो अजूनच खचला.

सुनावणी दिल्लीला झाली. आसाराम पहिल्यांदाच इतक्या लांब गेला. सोबत साखराचे प्रशिक्षक रामकिसन सर होते. छावणीनं विकत घेतलेल्या औषधांची यादी साखराच्या वकिलानं टेबलावर ठेवली. जनावरांच्या अंगावर मांस धरावं म्हणून टोचतात ते औषध तीत होतं, आणि साखराच्या लघवीत निघालेलंही तेच होतं. म्हशीची बाटली मात्र आसारामनं कधीच फेकून दिलेली, म्हणून तिच्यातही तेच होतं असं धरलं गेलं.

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी विचारलं, ते सरांनी मराठीत सांगितलं. "मुलीला हे ठाऊक होतं का?"

"न्हाई, बाईसाहेब. तिच्या आईलाबी ठाऊक न्हवतं. म्या अडाणी माणूस. सजा द्यायची तर मला द्या."

"खेळाडूच्या अंगात जे सापडतं, त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. वडिलांना आम्ही शिक्षा देऊ शकत नाही."

साखरानं मान खाली घातली.

चार वर्षांची बंदी होणार होती. जाणूनबुजून घेतलं नाही असं ठरलं आणि ती दोन वर्षांवर आली. आशियाई स्पर्धा गेली ती गेलीच. बाहेर आल्यावर पत्रकारांनी साखराला घेरलं. "माझ्या वडिलांना दोष देऊ नका," ती म्हणाली. "जबाबदारी माझी आहे." हे वाक्य तिच्या फोटोसकट छापून आलं. लोक म्हणाले, लेक असावी तर अशी.

आसारामबद्दल वेगळं बोलत. टँकरपाशी तो घागर घेऊन उभा राहिला की मागून आवाज यायचा, "सख्ख्या पोरीला म्हशीचं औषध पाजलं बे यानं." तो वळून बघायचा नाही. बायनाबाई ताट वाढायची, पण त्याच्याशी बोलणं तिनं टाकलं होतं. साखरा घरी आली की तो चुलीपासून लांब बसायचा. एकदा तिनं पाणी मागितलं. तांब्या त्याच्याच हाताशी होता. "आईकडून घे," असं म्हणून तो उठून बाहेर गेला.

त्यानंतर तिच्या हातात त्यानं खायची-प्यायची एकही वस्तू दिली नाही.

दोन वर्षं गेली. पाऊस झाला, छावण्या उठल्या, ऊस पुन्हा उभा राहिला. बंदी संपली आणि साखरा पहिल्याच मोठ्या शर्यतीत पहिली आली. कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत तिचा सत्कार ठरला. अध्यक्ष मोहनराव माइकवरून म्हणाले, "घरच्यांच्या चुकीची शिक्षा भोगून ही पोर पुन्हा उभी राहिली!" टाळ्या पडल्या. बायनाबाई पहिल्या रांगेत होती. आसाराम मंडपाच्या अगदी मागं, खांबाला टेकून उभा होता. त्यानंही टाळ्या वाजवल्या.

कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मुंजाजी होता.

"आसारामभाऊ, हितं मागं कावून? लेकीचा सत्कार हाय."

"कोन्या तोंडानं जाऊ, डॉक्टर? दोन वर्सं गेली तिची. तुमी म्हशीला दिलं, म्या पोरीला पाजलं."

मुंजाजीनं त्याला आपल्याकडं वळवलं.

"म्हंजी? तुमाला कुनी सांगितलं न्हाई?"

"काय?"

"भाऊ, ती बाटली कॅल्शियमची व्हती. म्हस व्याल्यावर देत्यात ती. बाळंतिणीला दिली तरी चालंल. यादीतलं इंजेक्शन निराळं. ते कुलपात असायचं, तुमच्या म्हशीला कंदी टोचलंबी न्हाई."

मंडपात कुणीतरी साखराच्या नावाचा जयजयकार केला. आसारामनं खांब घट्ट धरला.

"मंग दिल्लीत येऊन सांगायचं न्हाई का हे, डॉक्टर?"

"म्या निघालोच व्हतो, बिलं घिऊन. आदी साखराला फोन करून समदं सांगितलं. तीच म्हणली, राहू द्या डॉक्टर, आबांनी कबूल केलंय."