होल्याची रंगीत तालीम

मैदानातले सगळे होले घुमत होते, एकट्या डोलोहचा गप्प होता.

उंच खांबांवर पिंजरे टांगलेले, आणि त्यांच्याखाली मान दुखेस्तोवर वर बघत उभे जिल्ह्याचे साहेब, प्रसित. उद्या परदेशी निरीक्षक येणार होते. दक्षिणेतल्या या मलय मुसलमानांच्या गावांत खरंच अशांतता आहे का, हे त्यांना बघायचं होतं. ती नाही, हे बँकॉकच्या सरकारला दाखवून द्यायचं होतं. म्हणून साहेबांनी होल्यांची स्पर्धा ठेवली. जिथं पक्षी घुमतात तिथं कसली आलीय अशांतता?

आज तिची तालीम, आणि तयारी जय्यत होती. पहाऱ्यावरच्या सैनिकांना लुंग्या नेसवल्या होत्या. बूट तेवढे खालून दिसत. आंबवलेल्या माशांच्या बुडूचा वास पाहुण्यांना सोसायचा नाही, म्हणून चहाच्या दुकानात आणि घरोघरीही दोन दिवस बुडू बंद होतं. आणि निमंत्रणपत्रिकेवर फोटो होता डोलोहच्या होल्याचा, कारण स्पर्धा नेहमी तोच जिंकायचा.

"हा का घुमत नाही?" साहेबांनी विचारलं.

"मालक नाही ना," डोलोहची बायको रोकीयाह म्हणाली.

"मग बोलाव की! कुठाय मालक?"

"तुमच्याकडंच आहे, साहेब. लष्कराच्या छावणीत. पावसाळ्याआधी नेलाय चौकशीला."

साहेब खाकरले. गाव जमिनीकडं बघत राहिलं. पहाटे याच होल्यानं अख्खी वाडी जागी केली होती. मग रोकीयाहनं त्याला भिजवलेले तांदूळ गळ्याशी येईपर्यंत चारले. भरल्या पोटी होला घुमत नाही, पेंगतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण साहेब पडले बँकॉकचे.

छावणीला फोन गेला. थोड्या वेळानं जीपमधून डोलोह उतरला. अंगात कोरा करकरीत शर्ट, आत माणूस निम्मा झालेला. त्यानं खांबाखाली उभं राहून शीळ घातली, चुटक्या वाजवल्या. होला ढिम्म. डोलोहनं त्याच्या फुगलेल्या गळ्याकडं निरखून पाहिलं, मग बायकोकडं. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली. कितीतरी दिवसांनी त्याला हसू येऊ घातलं आणि त्यानं ते खोकल्यात दडवलं.

"आता काय झालं?" साहेब घामाघूम.

"मुकं जनावर आहे, पण कळतं त्याला," रोकीयाह म्हणाली. "माणूस राहायला आलाय की दाखवायला आणलाय, ते."

साहेबांनी पक्ष्याकडं पाहिलं, पत्रिकेवरच्या फोटोकडं पाहिलं आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सुटकेच्या हुकमावर सही ठोकली. या सगळ्यात दुपार कलली होती, तांदूळ जिरले होते. होल्यानं पंख झटकले आणि असा काही घुमला, की साहेबांनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या.

तासाभरात मैदानातला दुसरा एकही होला घुमेना. दुकानातले तांदूळ संपले.

"साहेब, माझ्याही होल्याचा मालक छावणीत आहे," एक बाई पुढं आली. तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं आणखी. साहेब फोन करून करून घायकुतीला आले. छावणीचा ट्रक फेऱ्या मारू लागला.

"पण सगळ्यांचे मालक नेमके छावणीतच कसे?" ते ओरडले.

"तेच पाहुणे विचारतील, साहेब," रोकीयाह शांतपणे म्हणाली.

साहेबांनी मुकाट्यानं पुढची सही केली. संध्याकाळपर्यंत घराघरांतून बुडूचा वास सुटला. परतलेली माणसं जेवायला बसली होती, आता बंदी पाळतो कोण?

सगळ्यात शेवटी नाह म्हातारी आली. तिच्या पिंजऱ्यात कोंबडा होता.

"आजी," साहेब हसले. दिवसभरात पहिल्यांदाच. "हा कोंबडा आहे."

"आहेच. होल्याचा नाद माझ्या लेकाला, मायाकीला. त्याला नेलं, मग होलाही मेला. आता घरात हाच."

साहेबांनी हसत हसतच फोन लावला. नाव सांगितलं. पलीकडचं बराच वेळ ऐकलं. मग फोन खाली ठेवला.

"आजी, या नावाच्या माणसाला तिथं कधी आणलंच नव्हतं, म्हणतात."

"मी दारात उभी होते, बाबा," म्हातारी म्हणाली. तिनं जवळच्या सैनिकाच्या लुंगीखाली बोट दाखवलं. "असलेच बूट होते."

तो सैनिक पाय लपवायला लागला, पण लुंगी पुरेना. म्हातारीनं रिकाम्या खांबाच्या दोरीला पिंजरा अडकवला आणि स्वतःच ओढत ओढत पार वर चढवला. डोलोह मदतीला धावला, तर तिनं त्याला हातानंच बाजूला केलं.

"राहू दे इथंच. उद्या पाहुणे विचारतील, हा कुणाचा म्हणून."

वर पोचताच कोंबड्यानं मान ताणली आणि बांग दिली. मैदानातले होले चिडीचूप झाले. त्यानं पुन्हा दिली.

"झाका त्याला!" साहेबांचा आवाज चिरकला. "अरे बघताय काय? झाका!"

सैनिकानं घाईघाईनं लुंगी सोडली. आत गणवेशाची विजार होतीच. लांब बांबूच्या टोकाला लावून त्यानं ती पिंजऱ्यावर पांघरली.

कोंबडा क्षणभर गप्प झाला. मग लुंगीच्या आतून आरवला.