मोजून तीन लिटर

"पाणी पाजलं नाही तुम्ही यांना," डॉक्टर रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाले.

इंद्रभानला आधी नीट ऐकूच आलं नाही. जळगाव जामोदहून पहाटेची एसटी, नांदुऱ्याला दोन तास ताटकळणं, मग राजूर घाटाची वळणं. बुलढाण्याला पोचेपर्यंत त्याच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. आज बायकोची तिसरी केमो होती. दोन झाल्या होत्या, गाठ निम्मी झाली होती. आणि आता डॉक्टर सांगत होते की सलाइन लावू, पण केमो देता येणार नाही. किडन्यांना मार बसला आहे. आठवड्यात सावरल्या तर ठीक, नाहीतर डायलिसिस. आणि गाठ काही तोवर थांबून राहणार नाही.

"तीन लिटर पाजलं सायेब. रोज. मोजून," तो म्हणाला.

खोटं बोलणारा माणूस तो नव्हता. केमोचं औषध किडन्यांना बाधतं, पाण्यानं ते धुऊन काढावं लागतं, हे त्यानं पहिल्याच दिवशी मनावर घेतलं होतं. मागच्या खेपेला बायकोची साखर वाढलेली निघाली. तेव्हा मंजुश्री सिस्टरनं घाईघाईत बजावलं होतं, पाणी भरपूर, पण गोड खाणं बंद, गोड पाणी तर अजिबात नको. तो शब्द इंद्रभाननं खाली पडू दिला नाही.

एकवीस दिवस त्यानं दुसरं काही केलंच नाही. कपाशीत तण माजलं, तिकडे फिरकला नाही. सकाळी पाणी उकळायचं, गाळायचं, मापानं मोजून हंड्यात भरायचं. संध्याकाळपर्यंत तेवढं संपलंच पाहिजे. सत्यभामाबाई प्रत्येक पेल्याला तोंड वाकडं करायची. उलटून पडलं की तो पुन्हा भरून द्यायचा. चव पाहू नको, औषध म्हणून पी, म्हणायचा. तिच्यादेखत पाणी प्यायचं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून तहान लागली की तो गोठ्यात जाऊन पिऊन यायचा. दोघंही पार थकून गेली होती, पण एक पेला चुकला नव्हता. इतकं करून शेवटी हे ऐकायचं. त्याला रडू यायला लागलं.

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे वळले. मंजुश्री सिस्टरला त्याची दया आली. सलाइन लावून झाल्यावर तिनं आपल्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि सत्यभामाबाईच्या हातात दिलं. बाईनं एक घोट घेतला आणि ती थबकली.

"हे तं गोड हाय," ती नवऱ्याला म्हणाली.

सिस्टर हसली. साधंच पाणी आहे मावशी, म्हणाली, नळाचं.

"हाव, तेच गोड पाणी. आमच्या बोअरचं खारं रायते. तुमीच तं मले गोड पाणी बंद केलं ना?"

सिस्टर मेहकरकडची. तिकडे सगळंच पाणी गोड, म्हणून त्याला गोड असं कोणी म्हणत नाही. ती सरबताबद्दल बोलली होती. तसं तिनं आता सांगितलं.

इंद्रभान स्टुलावर बसला. फिल्टरच्या पाण्याचा कॅन त्यानं एकवीस दिवस गोठ्यात लपवून ठेवला होता. गावात जे खारं पाणी फक्त भांडी घासायला वापरतात, किडन्या बिघडतात म्हणून कोणी पीत नाही, ते त्यानं बायकोला मोजून पाजलं होतं.

सत्यभामाबाई पेला तसाच धरून त्याच्याकडे पाहत होती. त्याचा चेहरा उतरलेला पाहून ती घाबरली.

"एकच घोट पेली मी," ती हळूच म्हणाली. "काई होईन का आता?"