काजं-बटणं

"कोट तयारच आहे, काजं-बटणं तेवढी राहिलीत. परवा या," असं सांगून शिंप्याने गिऱ्हाइकाची बोळवण केली आणि टॅक्सच्या ऑफिसात पुन्हा फोन लावला. रिफंड आला की नवं मशीन घ्यायचं, म्हणून नवरा-बायको कधीचे डोळे लावून बसले होते.

पलीकडची बाई साखरेत घोळून बोलली. "तुमचं काम झालंच आहे, काका. शेवटची तपासणी तेवढी राहिलीय. परवा बघा."

"आलेच म्हणायचे पैसे," बायको हरखली.

शिंप्याची नजर फळीवर गेली. त्या कोटाचं कापड आणलं तसंच घडीत पडलं होतं.



"अगं, कसले येतायत. तिकडे अजून कापडाला कात्रीसुद्धा लागलेली नाही."