ओरिक्सच्या पोटात

हॅरी ओरिक्सच्या पोटात अडकला होता. ओरिक्स म्हणजे लांब शिंगांचं पांढरं हरीण, हॅरी दोह्यात ज्या कॉलेजात नोकरीला होता त्याच्या फुटबॉल टीमचं चिन्ह. पोशाख सकाळीच आला होता. माप बघायला म्हणून हॅरी आत शिरला, आणि पाठीवरची झिप मानेपाशी जाऊन बसली ती बसलीच. स्टोअरमधला जालिंदर "पक्कड आणतो" म्हणून गेला, त्याला पाऊण तास झाला. कुठेतरी चहा ढोसत गप्पा छाटत असणार, दुसरं काय!

आत नुसती भट्टी. ओरिक्सच्या तोंडातल्या जाळीतून हॅरीला समोरची भिंत तेवढी दिसत होती, आणि भिंतीवरचं कॅलेंडर. अठ्ठावीस डिसेंबरला त्यानंच लाल पेनानं गोल केला होता. त्या दिवशी वसईत त्याच्या जॅनेटचं लग्न.

पँटच्या खिशात फोन वाजला. जॅनेटचीच रिंग. फोन मांडीला थरथरत होता आणि हॅरीचे दोन्ही हात खुरांत शिवलेले. वाजून वाजून बिचारा गप्प झाला. पंधरा दिवस पोरगी एकच विचारत होती, "डॅडा, येतोस ना?" आणि हा दर वेळी "इन्शाल्ला" म्हणत होता. तोंडावर नाही म्हणवत नसलं की काय म्हणायचं, एवढं तो कतारमध्ये बारा वर्षांत शिकला होता.

रजेचा अर्ज तीनदा परत आला होता. दोन जानेवारीला मोसमाची पहिली मॅच, आणि तोवर कुणालाही रजा नाही. त्यातून हॅरीला तर नाहीच नाही. विद्यार्थी विभागातला साधा क्लार्क तो, पण डायरेक्टर तबिश सरांनी त्याच्या गळ्यात एक भलतंच काम मारलं होतं. मॅचच्या दिवसाच्या परंपरा तयार करायच्या! सर अमेरिकेत जाऊन आले होते. तिथल्या एका कॉलेजात खेळाडू मैदानात उतरताना शंभर वर्षांच्या एका दगडाला हात लावतात, ते पाहून सरांना भरूनच आलं होतं. आता आपलं कॉलेज चार वर्षांचं, शंभर वर्षं आणायची कुठून? हॅरीनं सात टाळ्या सुचवल्या, खेळाडूंना खजूर सुचवला. सरांनी सगळं उडवून लावलं.

दार उघडलं. जालिंदर नव्हे, खुद्द तबिश सर.

"हॅरी? आत तुम्हीच आहात का?" सर हिंदीत म्हणाले.

ओरिक्सनं मान हलवली.

"छान दिसता. पण हा सगळा फोम झाला, फोम! मला जुनं काहीतरी पाहिजे. आज संध्याकाळी प्रेसिडेंटना सांगायचंय. आहे का काही?"

हॅरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही सोय नव्हती. डोक्यात दुसरं काही येईचना. बँड वाजत होता, बायका नटून विहिरीकडे निघाल्या होत्या, मध्ये जॅनेट लाजत उभी होती. जे दिसत होतं तेच तो बोलून गेला.

"आमच्या गावात उंबराचं पाणी आणतात, सर, म्हणजे उंबराखालच्या विहिरीचं. बँड लावून, नाचत, सगळं गाव विहिरीवर जातं. हंडा भरून घरी आणतात. मोठ्या कामाच्या आधी त्या पाण्यानं अंघोळ घालतात. माझ्या आजोबांच्या आजोबांपासून चालत आलंय."

सर खुर्चीत बसले. मग उठले. मग पुन्हा बसले.

"बँड लावून हंडा मैदानात आणायचा! पाणी प्रत्येक खेळाडूच्या हातावर! हॅरी, हे आधी का नाही सांगितलंत? कॅन्टीनच्या कूलरमधून भरू."

"कूलरचं नाही चालत, सर."

"का?"

"विहिरीचंच लागतं. गावच्या."

सरांनी कपाळाला आठी घातली. आठवडाभरापूर्वी मीटिंगमध्ये सरांनीच टेबल ठोकून सांगितलं होतं, "परंपरा म्हणजे परंपरा. एकदा ठरली की सूट नाही, मलासुद्धा नाही!" ते शब्द आता सरांच्याच पायात आले होते.

"बरोबर आहे तुमचं," ते शेवटी म्हणाले. "खोटं पाणी नको. कुरिअरनं मागवू."

संपलं सगळं! तेवढ्यात खिशात फोन पुन्हा थरथरला.

"सर," तो एकदम म्हणाला, "ते पाणी वाटेल तेव्हा काढत नाहीत."

"मग कधी?"

"लग्नाच्या आदल्या दिवशी. आता लग्न माझ्या मुलीचं, म्हणजे सत्तावीसला. आणि हंडा विहिरीतून वर ओढायला नवरीचा बापच लागतो. दुसऱ्या कुणी ओढला तर टीम हरलीच समजा."

सर ओरिक्सच्या काचेच्या डोळ्यांत बघत राहिले. तिथे काय दिसणार, कपाळ! जालिंदर पक्कड घेऊन आला, झिप कर्रकन उघडली, आणि सरांनी हॅरीच्या टेबलावर पडलेल्या रजेच्या अर्जावर सही केली.

घामानं निथळत हॅरीनं फोन कानाला लावला. "येतोय गं बाय, येतोय," एवढंच म्हणाला. बँड, विहीर, हंडा, सगळं खरं होतं. बापानं हंडा ओढायचा नियम तेवढा वसईत कधी कुणी ऐकला नव्हता. तो हॅरीनं आत्ताच, ओरिक्सच्या पोटात उभ्या उभ्या बनवला होता. परंपरा बनवण्याचाच तर पगार त्याला मिळत होता.